जेजुरी ते डिचोली : आवाज वेचत सहा दिवस

मागच्या पावसाळ्यात एका मालिकेतला कुस्तीच्या मैदानाचा प्रसंग पार्श्वसंगीतासाठी माझ्याकडे आला. हलगी हवी होती. माझ्या संगणकात तालवाद्यांच्या सॅम्पलचा, म्हणजे हवे तेव्हा वाजवता येतील अशा रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा, भरपूर साठा आहे. जपानी ताइको आहे, आफ्रिकेतलं जेंबे आहे, ब्राझीलचं सुर्दो आहे, तबल्याचे तर सात संच आहेत. हलगी नव्हती. शेवटी आयर्लंडच्या बोवरानचा आवाज वर चढवला, त्याला जरा खणखणीतपणा आणला आणि वेळ मारून नेली. भाग टीव्हीवर लागला तेव्हा शेजारी बसलेले बाबा, मूळचे कागलचे, मान न वळवता म्हणाले, "ही हलगी न्हवं."

ते तीन शब्द मनातून जाईनात. फेब्रुवारीत कामातून सहा दिवस मोकळे केले, धाकट्या भावाला त्याच्या गाडीसकट बरोबर घेतलं आणि निघाले. सोबत चार ट्रॅकचा फील्ड रेकॉर्डर, दोन कंडेन्सर माइक, एक डायनॅमिक, लाकडाला किंवा मातीला थेट चिकटवायचे दोन कॉन्टॅक्ट माइक, वाऱ्यासाठी केसाळ टोप्या आणि घरातल्या चार जाड गोधड्या. गोधड्या भिंतीवर टांगल्या की खोलीचा घुमारा बराच मरतो. रेकॉर्डिंग 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर करायचं ठरवलं होतं. पुढे एखादा आवाज निम्म्या वेगाने वाजवून खाली आणला तरी त्याची वरची चमक जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

निघण्याआधी एक मराठीत लिहिलेला कागदही तयार केला होता. वादकाला दिवसाचं मानधन, आवाज वापरला जावो न जावो. त्याचं नाव त्याला हवं तसं फाईलवर. आणि घरी गेल्यावर सगळ्या फायली आधी त्याला ऐकवायच्या; तो जी नको म्हणेल ती पुसायची. हा शेवटचा मुद्दा लिहिताना तो किती जड जाणार आहे याची मला कल्पना नव्हती.

पहिला दिवस, सोमवार : जेजुरी

पुण्याहून जेजुरी 50 किलोमीटरच्या आत. रविवार खंडोबाचा वार, म्हणून तो मुद्दाम टाळला. तरी पायऱ्या आदल्या दिवशीच्या भंडाऱ्याने पिवळ्याजर्द होत्या आणि चढताना तळव्यांना तो मऊ लागत होता. गडावर माइक काढला नाही. दर्शन घेऊन खाली आलो ते थेट एका वाघ्याबुवांच्या घरी.

डिमडी हातात घेईपर्यंत मला ती खंजिरीची धाकटी बहीण वाटायची. वीतभराचं लाकडी कडं, एका तोंडाला कातडं. बुवा ती डाव्या हाताच्या पंज्यात धरतात, उजव्या बोटांनी वाजवतात आणि डाव्या हाताची बोटं कडेशी दाबून आवाज चढवतात. माझ्या कामात एका आघाताचे किमान चार जोर लागतात, हलक्यापासून कडकपर्यंत, आणि प्रत्येक जोराची सहा-आठ आवर्तनं. एकच रेकॉर्डिंग पुन्हापुन्हा वाजलं की कानाला लगेच यंत्र कळतं, म्हणून ही आवर्तनं. बुवांना हे समजावून सांगितल्यावर त्यांनी पहिला आघात दिला, थांबले, मान हलवली आणि डिमडी घेऊन अंगणात गेले. उन्हात दगडावर पालथी ठेवली. आम्ही चहा घेतला. दहा मिनिटांनी तिला टिचकी मारून पाहिली, पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा म्हणाले, "आता तयार झाली. आता घ्या."

हा "तयार" शब्द पुढे सहाही दिवस मला भेटत राहिला.

पूर्वी डिमडीला घोरपडीचं कातडं असायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला पूर्ण संरक्षण दिलेलं आहे, त्यामुळे बुवांची डिमडी बकऱ्याच्या पातळ कातड्याची. संगीताच्या धंद्यातले काही जण "ओरिजिनल" आवाजाच्या मागे असतात, जुनं घोरपडीचं वाद्य मिळतं का विचारतात. मला तो आवाज नको. ज्या आवाजासाठी जनावर मारावं लागतं, त्याची मागणी माझ्यासारख्यांनी वाढवू नये, असं मला मनापासून वाटतं.

मग मावशींनी, म्हणजे मुरळीने, घाटी म्हणजे हातातली घंटा वाजवून दाखवली आणि तुणतुणं घेतलं. लाकडाचा पोकळ नळा, खालच्या तोंडाला कातडं, त्याच्या मध्यातून निघालेली एकच तार बाजूच्या काठीवरच्या खुंटीला ताणलेली. छेडायला बोटभर काडी. बाहेरच्या माइकवर ते अगदी साधं "तुण तुण" येत होतं. कॉन्टॅक्ट माइक नळ्याला चिकटवला आणि हेडफोनमध्ये तोच आवाज खोल विहिरीत टाकलेल्या खड्यासारखा झाला. आधी कातड्याचा ठोका, मागून तारेचा सूर, आणि त्यामागे लाकडाचा गुरगुराट. मी तो मावशींना ऐकवला. त्यांनी हेडफोन बराच वेळ कानावर धरून ठेवला आणि मग म्हणाल्या, "आतून असं बोलतंय व्हय हे."

रात्री जवळच्याच घरी जागरण होतं. बोलावणं होतं, गेलो. रेकॉर्डर गाडीतच ठेवला. दिवटीच्या उजेडात पहाटेपर्यंत गाणी चालली आणि लंगर तुटला तेव्हा लोखंडी साखळीचा जो एक झटका कानावर आला, त्याने अंगावर काटा आला. तो आवाज माझ्याकडे नाही. तो देवाच्या कामाचा होता.

दुसरा दिवस, मंगळवार : मिरज

झोप अर्धवट, रस्ता लांब. सातारा, कऱ्हाड मागे टाकून दुपारी मिरजेत पोचलो.

मिरजेचे सतारमेकर साऱ्या देशाला ठाऊक आहेत. मूळची ही शिकलगार घराणी, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात ती तंतुवाद्यांकडे वळली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मी इथे तयार तंबोऱ्यासाठी आले नव्हते. मला अर्धवट झालेली वाद्यं हवी होती.

कारखान्याच्या माळ्यावर छतापर्यंत भोपळे रचलेले होते. हे खायचे भोपळे नव्हेत. कडू जातीचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमेच्या काठाने पिकवलेले, वेलावर पूर्ण जून होऊ दिलेले आणि नंतर वाळवलेले. कापण्याआधी ते पाण्यात भिजत घालतात, मग गर आणि बिया काढून आत काठ्यांचा आधार देऊन आकार राखतात. कारखान्यातल्या चाचांनी एक न कापलेला भोपळा उचलून माझ्या कानाशी हलवला. आत वाळक्या बिया खुळखुळल्या. पावसाचा इतका खरा आवाज मी कुठल्याही यंत्रातून काढू शकलेली नाही.

मग त्यांनी कापलेले, रिकामे भोपळे एकेक करून समोर मांडले आणि आम्ही बोटाच्या पेराने, तळहाताने, कापडाच्या बोळ्याने ते वाजवत बसलो. भोपळ्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड, आतली हवा मात्र घागरभर. आवाज कोरडा, गोल आणि क्षणात संपणारा. मातीच्या घागरीचा आवाज रेंगाळतो, लाकडी खोक्याचा टणक असतो. हा या दोन्हींच्या मधला. एकूण 23 भोपळे वाजवले. सर्वांत मोठ्यापासून सर्वांत लहानापर्यंत दीड सप्तकाचं अंतर निघालं. घरी ते एका कीबोर्डवर मांडले आहेत आणि या सहा दिवसांत मिळालेला हा सर्वांत उपयोगी संच ठरेल असा माझा अंदाज आहे, कारण कुठल्याही गाण्यात तो दुसऱ्या वाद्याची जागा अडवत नाही.

संध्याकाळी चाचांनी एका नव्या तंबोऱ्याची जवारी काढली, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवला. घोडीचा वरचा पृष्ठभाग वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर घासत जाते, तिचा टेकायचा बिंदू पुढेमागे होत राहतो आणि त्यातून वरचे स्वर फुलतात. तारेखाली सरकवलेला दोरा तो बिंदू नेमका बसवतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली या घोडीवर अभ्यास प्रसिद्ध केला होता: तारेच्या ज्या बिंदूवर छेडलं, तिथे शून्य असायला हवेत असे स्वरही तंबोऱ्यात ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. चाचांना रामन ठाऊक नाहीत. ते कानशीचे दोन हात मारतात, घोडी फुंकतात, तार लावतात, ऐकतात, तार काढतात, पुन्हा दोन हात. पूर्वी घोडीला हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरत, आता उंटाचं हाड नाहीतर फायबर.

मी सव्वा तास कानशीची खर्र, फुंकर आणि मधले छेड सलग घेतले. सुरुवातीला तार मुकी होती, जणू तोंडात घास असताना बोलत होती. मग कधीतरी एका छेडीला तिच्यातून सोन्याची तारच निघाली. चाचांनी डोळे मिटले. "खुली," म्हणाले. "अब तैयार है, बेटी."

तंबोऱ्याचं सॅम्पल बनवताना बहुतेक जण चारही तारांचं एक आवर्तन छेडून तेच पुन्हापुन्हा फिरवतात, म्हणजे लूप करतात, आणि तिथेच चुकतात. एका तारेचा फुलोरा संपत नाही तोच दुसरी येते, आणि दोघींची गाठ प्रत्येक वेळी निराळी पडते. म्हणून मी चारही तारा वेगवेगळ्या, पूर्ण विझेपर्यंत घेतल्या आणि शिवाय चाचांनी छेडलेली अर्धा तासाची अखंड फाईलही ठेवली. लूप नाही.

तिसरा दिवस, बुधवार : कोल्हापूर

ज्यासाठी निघाले होते तो दिवस.

शहराबाहेर, उसाच्या फडाला लागून आबांचं घर. तिघे जण होते. आबा हलगीवर, त्यांचा पुतण्या घुमक्यावर, आणि शेजारचा एक पोरगा कैताळावर. या तिन्ही वाद्यांचं एकमेकांशिवाय चालत नाही: हलगी बोलते, घुमकं तिला खालून धरतं, कैताळ सगळ्यांना वेळेत ठेवतं. मला मात्र आधी एकटी हलगी हवी होती.

आबांनी खुंटीवरची हलगी काढून दिली. सकाळचा गारवा होता, कातडं सैल. मी माइक लावले, लेव्हल बघण्यासाठी म्हटलं, "आबा, वाजवा जरा." त्यांनी तोंड वाकडं केलं, पण वाजवली. जाड टिपरूने मध्यावर चौदा ठोके. आवाज खोल, थकलेला, कातड्याची सुरकुती ऐकू यावी असा. मला तो फार आवडला. सिनेमात मरणाच्या दृश्यामागे असा एकच ठोका पुरेल, हे मनात येऊन गेलं.

"हे नगं," आबा म्हणाले. "ही अजून झोपलीया."

पोराने उसाचं वाळलेलं पाचट आणून अंगणात पेटवलं. पाचटाची आग भसकन येते आणि तितक्याच लवकर उतरते, म्हणून ते मूठमूठ घालावं लागतं. आबा हलगी दोन्ही हातांनी कडेला धरून ज्वाळेपासून हातभर वर फिरवत होते. सतत फिरवत. एका जागी थांबली तर कातडं करपेल. मधूनच ती उलटी करून अंगठ्याने मध्यावर दाबायचे, मग कानाशी नेऊन बोटाने टिचकी. टिचकीचा आवाज बदलत होता: आधी "धब", मग "डब", मग "टण्ण". कातड्यातली दमट हवा निघत चालली होती आणि ते आक्रसून कड्यावर ताणलं जात होतं. हे सगळं मी माइक चालू ठेवून घेतलं, पाचटाच्या तडतडीसकट. साडेसहा मिनिटं लागली.

मग आबा उभे राहिले, हलगी खांद्याला लावली, उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात लांब लवलवती काडी, आणि पहिला ठोका पडला. गावातली कुत्री भुंकायला लागली.

वीस मिनिटं वाजवून झाल्यावर मी रेकॉर्डिंग ऐकलं आणि पोटात गोळा आला. सगळं फाटलं होतं. लेव्हल मी थंड हलगीवर ठरवली होती. तापलेल्या हलगीचा पहिला आघात कितीतरी मोठा, आणि इतका क्षणिक की रेकॉर्डरवरचे दिवे तो दाखवेपर्यंत संपून गेलेला असतो. आबांना सांगताना मला फार वाईट वाटलं, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने वीस मिनिटं जीव ओतून वाजवलं होतं. त्यांनी फक्त पाचटाकडे हात केला. पुन्हा आग, पुन्हा साडेसहा मिनिटं. या वेळी रेकॉर्डरची लेव्हल बरीच खाली घेतली, कंडेन्सर माइक तीन हात मागे नेला आणि डायनॅमिक माइक कड्याच्या मागच्या बाजूने लावला. तो मागचा आवाज ऐकून मी थक्क झाले. समोरून हलगी कडाडते; मागून ती गुरगुरते. दोन्ही एकत्र केले की मैदान डोळ्यांपुढे उभं राहतं.

कान आणि मीटर या दोघांना हलगी का अवघड जाते, याचं थोडं शास्त्र आहे. सपाट, साध्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट-तिप्पट येत नाहीत, ते 1.59 पट, 2.14 पट असे आडमुठे येतात, म्हणून हलगीला ठराविक सूर असा सांगता येत नाही. तबल्याची शाई हेच उपस्वर ओढून सुरात बसवते, आणि 1920 साली रामन यांनीच त्याची मांडणी केली होती. हलगीला शाई नाही. तिचा आवाज कुठल्याही सुराच्या गाण्यात भांडण न करता शिरतो तो याच कारणाने. सॅम्पल म्हणून ती लाखमोलाची आहे.

दुपारी भाकरी, पिठलं आणि खर्डा खाताना आबांनी जे सांगितलं, ते इथे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्यांच्या वडिलांना हलगी गावकीचं काम म्हणून वाजवावी लागे: दवंडी, लग्न, मयत, मिरवणूक. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि मोबदल्यात मूठभर धान्य. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेक घरांनी हे काम ठरवून सोडलं, हलगी खुंटीवरून कायमची उतरवली, आणि ते त्यांनी बरोबरच केलं, असं आबा म्हणाले. मग थोडं थांबून, "आमच्या बानं वाजवली ती वाजीव म्हणून सांगितलं म्हणून. मी वाजवतो ती मला येती म्हणून."

बाजारात हा आवाज "व्हिलेज ड्रम" म्हणून विकला जातो हे मला माहीत आहे. माझ्या फायलींवर "हलगी, कोल्हापूर" असं लिहिलंय आणि खाली आबांनी सांगितलेलं त्यांचं नाव.

संध्याकाळी एका तालमीत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1912 च्या सुमारास खासबागेचं मैदान उभं केलं, आणि कुस्ती या शहराच्या रक्तात आहे. हौद्यापाशी बाई माणसाने जाऊ नये असा तिथला रिवाज. मी तो पाळला. भावाने आत जाऊन माइक लावले, मी बाहेरच्या कट्ट्यावर लांब वायरीचा हेडफोन लावून बसले. फावड्याने लाल माती उकरल्याचा ओलसर आवाज, पैलवानाचे श्वास, आणि मग शड्डू. मांडीवर आणि दंडावर मारलेली ती थाप मी लहानपणापासून ऐकलीय, पण हेडफोनमधून पहिल्यांदाच. टाळीपेक्षा खोल, ढोलापेक्षा मऊ, आणि तिच्यात माणूस आहे. वस्तादांनी सहा पैलवानांकडून प्रत्येकी दहा शड्डू मारून दिले. मानधन घेतलं नाही. तालमीला बदाम आणून द्या म्हणाले. पाच किलो पोचवले.

चौथा दिवस, गुरुवार : घाट उतरताना

आजरा, आंबोली, सावंतवाडी. आंबोलीला वारा इतका की काहीही घेता आलं नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खुळखुळे, भोवरे आणि टकटक करणारी दोन खेळणी विकत घेतली. लाखेचा लेप दिलेल्या हलक्या लाकडाचा "टक" फार स्वच्छ येतो. रात्री गोव्यातल्या डिचोलीला मुक्काम. खोलीत पंखा, फ्रिज आणि बाहेरचा जनरेटर मिळून एक सलग गुंजारव चालू होता, पन्नास हर्ट्झच्या आसपासचा. उद्या रेकॉर्डिंग खोलीत करायचं नाही हे तेव्हाच ठरलं.

पाचवा दिवस, शुक्रवार : डिचोली

डिचोलीची माती जुनी नावाजलेली. कुंभाराच्या अंगणात भाजलेली घुमटं, म्हणजे गोव्याच्या मातीच्या तालवाद्याची भांडी, ओळीने पालथी होती. मधे फुगलेलं पोट, एका बाजूला मोठं तोंड, दुसऱ्या बाजूला बाटलीच्या गळ्यासारखं लहान तोंड. मोठ्या तोंडावर ओलं कातडं ताणून दोरीने आवळतात आणि सुकू देतात. लहान तोंड उघडंच राहतं, आणि सगळी किमया तिथे आहे.

कुंभारदादांनी आधी बिनकातड्याची घुमटं पेराने वाजवून दाखवली. नीट भाजलेलं "टंण" करतं. केसाएवढी चीर असली तरी "भद्द" येतं, आणि तो माल बाजूला जातो. मी त्या बाजूच्या ढिगातलीही आठ घुमटं वाजवून घेतली. दादांना त्याचं काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. "फुकट नाही गेली म्हणायची," म्हणाले.

घुमटालाही पूर्वी घोरपडच लागायची, आणि कायद्याची कुऱ्हाड सर्वांत मोठी पडली ती याच वाद्यावर. गणपतीच्या आरत्या, शिगमो, मांडो, गोव्याचं सगळंच घुमटाभोवती फिरतं. वाद्य सोडणं शक्य नव्हतं. वादकांनी आणि कारागिरांनी बकऱ्याच्या कातड्यावर मेहनत घेतली, ते किती पातळ करायचं, किती ओलं असताना ताणायचं हे बसवलं. 2019 साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. जुने जाणते अजून म्हणतात की घोरपडीचा घुमारा वेगळा होता. असेल. मी ऐकलं ते बकऱ्याचं, आणि मला त्यात काही कमी वाटलं नाही.

दुपारी चार वाजता, ऊन कलल्यावर, एक वयस्क घुमटवादक माडांमधल्या मोकळ्या जागेत आले. आल्याबरोबर माझ्या माइककडे न बघता त्यांनी घुमट उन्हाच्या तिरिपेत ठेवलं. मी रेकॉर्ड दाबायला गेले तर हात वर करून म्हणाले, "मात्शें राव." थोडी थांब. आता मला सवय झाली होती. मी थांबले.

मग त्यांनी घुमट मांडीवर आडवं घेतलं, उजव्या हाताची बोटं कातड्यावर, डावा तळवा लहान तोंडाशी. बोट पडलं आणि डावा तळवा मिटत गेला, तसा आवाज खाली घसरत गेला: "घुंऽऽव". तोंड जितकं झाकाल तितका आतल्या हवेचा स्वर खाली जातो. पूर्ण झाकलं की नुसता ठोका उरतो. कातड्याला हात न लावता केवळ वाऱ्याची वाट अडवून सूर वाकवायचा. कंडेन्सर माइक मी कातड्यासमोर लावला होता. तो उचलून लहान तोंडापासून एक वीतभर अंतरावर नेला आणि तिथे खरी गंमत सापडली. कातड्यासमोर बोटांचा चट्टा जास्त येतो, या बाजूला पोटातला श्वास येतो. एक माइक इथे, एक तिथे, आणि कॉन्टॅक्ट माइक मातीच्या पोटावर. तीन फायली तीन वेगळी वाद्यं वाटतात.

डाव्या तळव्याची हालचाल मात्र सॅम्पलमध्ये पकडणं अवघड गेलं. उघडं, अर्धं, मिटलं असे तीन टप्पे घेता येतात. मधला घसरता रस्ता प्रत्येक वेळी वादकाच्या मनावर. शेवटी मी त्यांना म्हटलं, भाऊ, मोजू नका, तुम्हाला हवे तसे साठ घसरते ठोके द्या. त्यांनी साठ दिले, एकासारखा दुसरा नाही. त्यातले सगळे ठेवलेत.

सहावा दिवस, शनिवार : सुंवारी आणि परतीचा रस्ता

सकाळी देवळाच्या मंडपात मंडळाची सुंवारीची, म्हणजे घुमटांच्या सामूहिक वादनाची, तालीम होती. पाच घुमटं, बारीक काड्यांनी वाजणारं शामेळ, आणि कांसाळें म्हणजे झांजा. वेगवेगळे आवाज घेण्याची घाई केली नाही. आधी तासभर नुसती ऐकली. संथ सुरुवात, मग लय चढत जाते आणि शामेळ वरून असं काही कातरतं की घुमटांचा गदारोळ त्याच्या काठाला धरून चालतो. नंतर शामेळाचे काठावरचे आणि मध्यावरचे ठोके घेतले. मंडळाच्या मुलांनी रेकॉर्डरभोवती गर्दी केली. प्रत्येकाला आपलं घुमट कसं ऐकू येतं ते हेडफोनमधून हवं होतं. बहुतेक वेळ त्यातच गेला, आणि मला तो वाया गेला असं वाटत नाही.

दुपारी निघालो, मध्यरात्री घरी.

पुढचा आठवडा फायली कापण्यात गेला. सांगितल्याप्रमाणे सगळ्यांना पाठवल्या. वाघ्याबुवांनी काही कळवलं नाही, फक्त मावशींनी तुणतुण्याची ती विहिरीतली फाईल पुन्हा मागवली, नातवाला ऐकवायला. चाचांनी एका भोपळ्याचा आवाज ओळखून सांगितलं की तो आता सतारीला बसवला.

आबांचा फोन रविवारी आला.

"ताई, सगळं ब्येस हाय. पर पयल्या फाइलीत थंड हलगी हाय. चौदा ठोकं."

मी म्हटलं, "आबा, तो आवाज मला फार आवडलाय. तसा कुठे मिळत नाही."

"आवडंल. पर ती तयार न्हवती. माझं नाव हाय न्हवं त्या फाइलीवर?"

मी हो म्हटलं. फोन ठेवून ते चौदा ठोके शेवटचे ऐकले आणि पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी बाबांना तापलेल्या हलगीची फाईल लावली. ते खुर्चीत पुढे सरकून बसले आणि संपेपर्यंत बोलले नाहीत.